कच्चं वाण

११ जानेवारी, रविवार

गरम! हात घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. मधलं मडकं आतून अजून चांगलंच तापलेलं आहे. वरून काळंभोर दिसतं, पण जरा उकरलं की संत्र्याची सालं ओळखू येतात, मटारच्या शेंगाही. वासही मातीचा नाही, नाकात चढणारा उग्र वास. म्हणजे खत झालेलं नाही. अजून महिनाभर तरी हात लावायला नको.

आणि शनिवारी हळदीकुंकू!

दिवाळीपासून मीच चाळभर सांगत सुटलेय — यंदा माझ्याकडे प्लॅस्टिकची गाळणी नाही, स्टीलची वाटी नाही, यंदा वाण म्हणून घरच्या ओल्या कचऱ्याचं खत. तळमजल्यावरच्या अनुजाने ते चाळीच्या ग्रुपवर टाकलं, त्यावर टाळ्याच टाळ्या. खणाच्या पोटल्या शिवून तयार आहेत. आता काय बायकांना रिकाम्या पोटल्या लुटू?

शंतनु म्हणाला, "वाट्या आण की गपचूप. कोण विचारतंय?"

नवऱ्याला काय जातंय बोलायला. सगळ्या बायका विचारतील!

१४ जानेवारी, संक्रांत

चाळून घेतलं. सालं, देठं, शेंगा बसून वेचल्या. गच्चीवर उन्हात पसरलं. सुकल्यावर अगदी चहाच्या पावडरीसारखं दिसायला लागलं. वास मात्र जाईना, म्हणून प्रत्येक पोटलीत कापराची वडी टाकली. हुशार मी!

थोडं कच्चं असलं तर काय बिघडतंय, कुंडीत जाऊन मुरेलच. हे दिवसभर स्वतःलाच सांगतेय.

१७ जानेवारी, शनिवार

झालं एकदाचं. काय कौतुक, काय कौतुक! "ऋता, तुझं डोकं भारी चालतं हं." "पुढच्या वर्षी आम्हाला पण शिकव." मीही मग ताक कसं घालायचं, कोरडा पाला किती, सगळं रंगवून सांगितलं. कधी काढायचं तेवढं सोडून.

शेजारच्या कालिंदीकाकू सगळ्यांत शेवटी आल्या. चिंतामणकाकांचं बायपासचं ऑपरेशन एकोणतीसला आहे. काकू रोज सकाळी गॅलरीतल्या तुळशीला प्रदक्षिणा घालतात, ओठ सारखे हलत असतात. पोटली कपाळाला लावली आणि म्हणाल्या, "सवाष्णीने दिलेलं वाण. पहिलं तुळशीलाच घालणार मी." मग जरा लाजून — "एखादी उरली असेल तर तीही दे गं. यंदा तिला जास्त लागणार."

उरल्या होत्या. दिल्या. मातीत मिसळून चिमूटभर घाला, एवढं तरी म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण काकू म्हणाल्या, "सोनं आहे गं हे, सोनं!" आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

१८ जानेवारी

पाय भरून आलेत. ग्रुपवर फोटो आले. त्या जांभळ्या साडीत मी बरी दिसते.

२१ जानेवारी, बुधवार

अनुजाचा मोगरा पिवळा पडला. "ऊन जास्त लागलं वाटतं," म्हणाली. तिच्या दारात ऊन येतं कुठे!

ऑफिसातून परत येताना काकूंच्या तुळशीकडे बघितलं. बघायचं नव्हतं, पण बघितलं. शेंडे तपकिरी, पानं लोंबलेली. बुंध्याशी माझं खत, ओंजळीने घातलेलं, वर हळदकुंकू.

घरी येऊन मडक्यात हात घातला. तळाशी राहिलेलं अजून कोमट आहे. कच्च्या खताने मुळं जळतात. मला हे माहीत आहे. मी दुसऱ्यांना शिकवलंय हे!

२३ जानेवारी

तुळस अर्धी उघडी झाली. काकू स्वयंपाकघरात पाटावर नुसत्या बसून होत्या, गॅसवर काही नाही. "तुळस अशी कधी गेली नाही गं. सासूबाई गेल्या त्या वर्षी तेवढी. घरात काही व्हायचं असलं की तिला आधी कळतं." आणि मग हळूच, काकांना ऐकू जाऊ नये म्हणून — "मी ऑपरेशनला नाही म्हणणारे."

आणि मी काय केलं? भाषण! "काकू, ही अंधश्रद्धा आहे. झाडाला काय कळतं? आजच्या काळात तुम्ही असं बोलता?" चांगली दहा मिनिटं तोंड चालवलं. काकू मान खाली घालून ऐकत होत्या, शाळेतल्या मुलीसारख्या. निलाजरी आहे मी. सगळं बोलले, एक वाक्य सोडून.

२५ जानेवारी, रथसप्तमी

सकाळी काकूंनी त्या काड्यांसमोर दूध उतू घालवलं. काड्याच उरल्यात आता.

संध्याकाळी त्या देवळात गेल्या, तेव्हा मी चमचा घेऊन गॅलरीत गेले. वरचं खत काढून टाकावं, थोडी मुळं वाचली तर वाचली. चार चमचे काढले असतील तोच मागून काका — "काय गं, चोरी?"

"मुंग्या झाल्यात, काका."

"होऊ देत. आमची तुळस म्हणजे मोठी डॉक्टर! तिने सांगितलं म्हणून माझी छाती फाडायची राहणार." मिश्कील हसले, पण खुर्चीत बसताना दोनदा थांबून दम घेतला. मीही हसले. कसं हसू आलं मला?

२६ जानेवारी

त्यांच्या नीलचा पुण्याहून फोन. "वहिनी, आई ऐकतच नाहीये. डॉक्टर म्हणालेत लांबवू नका. बाबांना तर निमित्तच हवंय. तू समजाव ना, तुझं ऐकते ती."

"बोलते," म्हटलं. गेले सुद्धा. आणि दारात उभी राहून काय म्हणाले? "काकू, पाणी जास्त झालं असेल तुळशीला."

काकूंनी वर बघितलं. "लग्न होऊन आले तेव्हापासून पाणी मीच घालतेय, ऋता."

परत आले. शंतनुला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मग सांगून टाक ना! फार तर काय, चार बायका हसतील." एवढं सोपं आहे ते. तरी मला ते जमत नाहीये. हसतील म्हणून नाही. त्या पोटलीला काकूंनी कपाळ टेकलं होतं म्हणून. आणि हसतील म्हणूनही. खोटं कशाला लिहू इथे.

२८ जानेवारी, बुधवार

ऑपरेशन पुढे ढकललं. नील चिडून फोन घेत नाहीये. डॉक्टरांनी दहा फेब्रुवारी दिलीय, तीही बोलणी खाऊन.

आज ठरवूनच गेले. बाथरूममध्ये आरशासमोर वाक्य म्हणून बघितलं — काकू, माझं खत कच्चं होतं, तुळस त्याने गेली. बस. गेले तर आत काका खारी चहात बुडवून खात होते. "ये ये, सुटका झाली आमची! हिला पण चहा टाक गं." काकूंचा चेहरा कितीतरी दिवसांनी उलगडलेला. काकांच्या शर्टावर पडलेला खारीचा चुरा झटकत होत्या. चहा घेतला. खारी खाल्ली. उठून आले.

दहा तारखेला वेळ आहे अजून. रविवारी नक्की सांगायचं. अगदी नक्की.

१ फेब्रुवारी, रविवार

त्यांच्याकडे पाहुणे होते. उद्या.

३ फेब्रुवारी, मंगळवार

काका गेले. पहाटे पाणी मागितलं. काकू तांब्या घेऊन आल्या, तोवर संपलं होतं. शंतनु नि चाळीतली माणसं चंदनवाडीच्या स्मशानात गेलीत. मी त्यांच्या घरी सगळ्यांसाठी चहा केला.

५ फेब्रुवारी

झोप नाही. ऑपरेशन झालं असतं तर आज ते खुर्चीत बसून कुणाची तरी टर उडवत असते. किंवा नसते. डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. पण ते टेबलापर्यंत पोचलेच नाहीत, ते माझ्यामुळे. खत कच्चं होतं ही चूक. ती कुणाच्याही हातून होते. पण अकरा दिवस मी तोंड मिटून बसले, त्याला चूक म्हणता येत नाही. मला फार लाज वाटते. लाजेपेक्षाही, मला काकांची आठवण येते.

मडकी धुऊन उपडी घातली. कचरा खालच्या डब्यात टाकतेय, सगळ्यांसारखा.

नीलला सांगावं का? नाही. आधी काकूंना. त्यांनी काय म्हणायचं ते म्हणू दे, थोबाडीत मारू दे. तेरावा होऊ दे फक्त.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सांगायला गेले. काकूंनी मला जवळ बसवलं, हात हातात घेतला. माझ्याआधी त्याच बोलल्या — "तिने आधी सांगितलं, म्हणून शेवटचे दिवस माझ्याजवळ घरात राहिले गं ते. नाहीतर तिकडे नळ्या लावून, काचेपलीकडे गेले असते. या एकाच गोष्टीवर मी तग धरून आहे. तू शिकलेली. तुला नाही पटायचं."

"पटतं, काकू," म्हटलं मी. "तुळशीला कळतं."