तीच पाच कोडी

अमरावती,
१६ जून १९६४, मंगळवार

प्रिय भाऊ,

अध्यापिका विद्यालयात माझी निवड झाल्याचं कार्ड अकोल्याला पोचलं, तेव्हा आईनं गल्लीभर पेढे वाटले म्हणे. तुझ्या पत्रात ते वाचलं, आणि आता हे लिहावं लागतंय.

तुला आठवतं, मार्चात मला एकेका कोड्याला आठ-आठ मिनिटं लागायची? पाच जणी बाकावर बसल्या, भागीरथा टोकाला नाही, चतुरा तिच्या शेजारी नाही, अशा चार-पाच अटी, मग मधे कोण? मी आपली मनातल्या मनात बायकांना उठवत-बसवत राहायची. छापखान्यात दिवसभर अक्षरांचे खिळे जुळवून दमलेला तू, शाईच्या बोटांनी पाच चौकोन काढून द्यायचास. "जे नाई ते आंधी खोड, सुभे. उरन ते उत्तर." मग मनगटावरचं घड्याळ काढून माझ्यासमोर ठेवायचास. आठाची पाच मिनिटं झाली, पाचाची तीन. एकदा दोन मिनिटांत सुटलं, तर तू ओरडलास, "माय, हे पोरगी मास्तरीण होऊन राहिली!" तेवढा आनंद मला यादीत नाव पाहूनही झाला नाही.

विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेच्या चार दिवस आधी तू एक कागद दिलास. पाचच कोडी. "हेच पक्के कर," म्हणालास आणि कागद परत मागून घेतलास. काहून, असं मी विचारलं नाही. पेपर हातात आला, तर तीच पाच कोडी, तीच नावं, तोच क्रम. तळाशी बारीक अक्षरात तुमच्या छापखान्याचं नाव. सगळं ओळखलं, तरी हात थांबला नाही, भाऊ. दहा मिनिटं उरली असताना मी लिहून मोकळी. शेजारी अचलपूरची आयशाबी होती. ओठ हलवत, डोळे मिटून सोडवत होती. घंटा झाली तेव्हा तिचं पाचवं अर्धं राहिलं होतं. यादीत शेवटचं नाव माझं लागलं, आणि माझ्यामुळे ती एका जागेनं बाहेर राहिली.

शनिवारी मी विद्यालयाच्या मोठ्या बाईंकडे गेले. कोडी मला आधीच मिळाली होती, एवढं सांगितलं. "कोणी दिली?" त्यांनी विचारलं. तेवढं विचारू नका, म्हणाले मी. काल त्यांनी आयशाबीला बोलावून आम्हा दोघींना समोर बसवून स्वतः रचलेली नवी कोडी दिली. आयशाबीची चार सुटली, माझी तीन. जागा तिला गेली. तीन काही कमी नाहीत, पुढच्या साली पुन्हा बस, असं बाई म्हणाल्या. ती तीन मात्र माझी होती, भाऊ.

पण मी पत्र लिहितेय ते वेगळ्याच गोष्टीसाठी. येत्या शनिवारी विद्यालय चालवणाऱ्या संस्थेची माणसं मला समोर बसवून कोडी देणाऱ्याचं नाव विचारणार आहेत. मी खोटं बोलणार नाही. तुझी नोकरी जाईल, कदाचित पोलीसही येतील, आई माझ्याशी जन्मभर बोलणार नाही, सगळं डोळ्यांपुढे येतं. तू माझ्यासाठीच केलंस, हे मला कळतं. शुक्रवारी सकाळच्या एसटीनं निघून ये. तू स्वतः सांगितलंस, तर मी तुझ्या शेजारी उभी राहीन. तू आला नाहीस, तर तुझं नाव मला घ्यावं लागेल. मला फार भेव वाटून राहिलं, भाऊ. ये.

तुझीच धाकटी,
सुभद्रा