तो बायोडाटा उघडू नका म्हटलं होतं

सुरत, ६ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप बाबांस शिवराजचा सा. न. वि. वि.

आणि नाही म्हणजे नाही, ही चूक मी माझ्या डोक्यावर घेणार नाही. कॉम्प्युटर मी बसवला म्हणून बिघडला, असं तुम्ही एकनाथरावकाकांना सांगितलंत आणि त्यांनी ते मला फोन करून ऐकवलं. मी तो बसवला तेव्हा त्यात अँटिव्हायरसही टाकला होता. त्याचा पासवर्ड प्रियाला दिला, तुम्हाला मुद्दाम दिला नाही, कारण मी तुम्हाला ओळखतो. तरी तुम्ही पोरीला दटावून तो घेतलात आणि अँटिव्हायरस बंद करून टाकलात. का, तर तुमच्या वधूवर मंडळाच्या मेलवर कुण्या मुलाचा बायोडाटा आला होता आणि हा मेला तो उघडू देईना. मुलाकडच्या माणसांना दारात ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही, असं म्हणालात म्हणे!

बाबा, तो मुलगा नव्हताच. फाइलीचं नाव बायोडाटा, आत चोर. पत्रिका आणि फोटो असलेली फाइल कधी विचारते का, की मी तुमच्या कॉम्प्युटरवर इन्स्टॉल होऊ का? तिने विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात. दुसऱ्या दिवशी सगळ्या फाइली कुलूपबंद आणि पडद्यावर पंचवीस हजारांची मागणी. वर तुमच्या नावाने नातेवाइकांना पैसे मागणारे मेल. मलाही आला, 'आदरणीय शिवराजजी' म्हणून. तुम्ही मला जन्मात कधी जी म्हणाला नाहीत, म्हणून वाचलो.

फोन तुम्ही उचलत नाही आणि मेल तुमचा की चोराचा कळत नाही, म्हणून हा कागद. इंटरनेटची वायर आधी उपटा. मेलचा पासवर्ड त्या कॉम्प्युटरवरून नक्को, प्रियाच्या फोनवरून बदला. चोरांना एक रुपया द्यायचा नाही. सायबर पोलिसांत तक्रार करा. आणि मंडळात ज्या घरांनी मुलींचे फोटो, नंबर, पत्ते दिलेत, त्या सगळ्यांना आजच्या आज कळवा. इथे दुरुस्तीच्या दुकानात दिवसाला असले दोन कॉम्प्युटर मी उघडतो, उगाच बडबडत नाही.

आईला नमस्कार. रागावून लिहिलंय, तरी माया आटू देऊ नका.

तुमचा,
शिवराज

—

चिक्कडपल्ली, हैदराबाद, १० फेब्रुवारी

चि. शिवराज यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून नववीतच आहे, जिथे तू शाळा सोडलीस. बेगम बाजारात सहा महिने, अफझलगंजला चार, आता सुरत. कुठे वर्षभर टिकला नाहीस आणि बापाला शिकवायला निघालास. तुझी आई म्हणते, पोरगं काळजीने लिहितं. काळजीची ही भाषा आमच्या घरात नव्हती.

वायर काढली आहे. पासवर्ड प्रियदर्शिनीने बदलला. पण घराघरांत कळवायचं मला सांगू नकोस. बावीस वर्षं हैदराबादची मराठी माणसं माझ्या शब्दावर मुलींचे फोटो देत आली. भगवंतरावांकडून फोटो चोरीला गेले म्हटल्यावर उद्या माझी पायरी कोण चढेल? शिवाय फाइलींना कुलूप लागलं आहे, म्हणजे कुणालाच काही दिसत नाही, मलाही नाही. कागदी फॉर्म कपाटात आहेत, तेव्हा पत्ते गेलेले नाहीत. पुढच्या आठवड्यात ठेव मोडून पंचवीस हजार भरतो आणि प्रकरण मिटवतो. पोलिसांची गरज नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस. तुझं भलं चिंतणारा,

भगवंतराव

—

चिक्कडपल्ली, ११ फेब्रुवारी

प्रिय दादास, सा. न.

बाबांना न सांगता लिहितेय. काल संध्याकाळी एकनाथरावकाका आले. चहा ठेवला, तर नको म्हणाले. त्यांच्या चारुलताला एका माणसाने फोन केला, मी मंडळातून बोलतोय म्हणाला. तिची जन्मवेळ, नोकरीचं ठिकाण, सगळं त्याने सांगितलं आणि तिचाच निळ्या साडीतला फोटो तिला पाठवला. तो फोटो फक्त आपल्याकडे होता. नोंदणीचे दहा हजार भर, नाहीतर हा फोटो नको तिथे दिसेल, असं त्याने धमकावलं. ती दोन दिवस कामावर गेलेली नाही.

काकांनी बाबांना विचारलं, माझ्या पोरीचा फोटो तुम्ही कुणाला दिलात? बाबा म्हणाले, कुणालाच नाही. बस, एवढंच. चोरीचं एक अक्षर बोलले नाहीत. काका जिना उतरून गेले. बाबा रात्री जेवले नाहीत. दादा, त्या यादीत माझाही फोटो आहे.

तू शिव्या देत लिही, पण लवकर लिही. तुझी,

प्रिया

—

सुरत, १५ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस सा. न. वि. वि.

प्रियाने मला सगळं कळवलं. तिच्यावर ओरडलात तर मी पुढच्या गाडीने येईन आणि आपलं मोठं भांडण होईल, सांगून ठेवतो.

ते कुलूप तुमच्यासाठी आहे, चोरांसाठी नाही! कुलूप लावायच्या आधी त्यांनी सगळं उचलून नेलं, म्हणून तर चारुलताचा फोटो त्यांच्याकडे. पंचवीस हजार भरा नाहीतर पंचवीस लाख, ते फोटो परत येत नाहीत. आणि काका तुमच्यासमोर उभे असताना तुम्ही गप्प बसलात. हैदराबादेत आपण सगळंच लाइट घेतो, पण हे? माझ्या नववीची लाज तुम्हाला नऊ वर्षं वाटते आहे. त्या दिवशीची किती वर्षं वाटेल?

उद्या आणखी कुणाच्या मुलीला फोन जाईल. एखादी घाबरून पैसे भरेल, एखादी पैसे नाहीत म्हणून काहीतरी वेडंवाकडं करेल. ठेव मोडू नका, ती प्रियाच्या लग्नाची आहे.

हे पत्र मिळताच काकांच्या घरी जा. चारुलताला घेऊन सायबर पोलिसांत जा, तो नंबर आणि धमकीचे मेसेज दाखवा. मग कपाटातले फॉर्म काढा आणि एकेका घराला लिहा. फोन नको. चोर तुमच्या नावानेच फोन करतायत, तुमचा खरा कुणाला वाटेल? तुमचं अक्षर आणि मंडळाचा शिक्का प्रत्येक घर ओळखतं. लिहा की फोटो आणि नंबर चोरीला गेलेत, कुणी मागितलं तर पैसे भरू नका, मुलीला रागावू नका, सरळ पोलिसांत जा.

आणि तुमचं नाव लिहवत नसेल, तर माझं लिहा. लिहा की आमच्या शिवराजने अर्धवट काम करून ठेवलं, म्हणून चोर शिरला. खोटं आहे, माझा जीव जळतो लिहिताना, पण नववी नापासवर सगळे लगेच विश्वास ठेवतील. मी नाही म्हणणार नाही. फक्त पत्रं टाका, बाबा.

आईला सांगा, जेवतो वेळेवर. तुमचा राग मी सोसेन, आशीर्वाद तेवढा चालू ठेवा.

तुमचा,
शिवराज

ता. क. प्रिया म्हणाली, तीनशे बारा घरं आहेत. टपालाचं पाकीट पाच रुपयांना. प्रियाच्या खात्यात एक हजार पाचशे साठ रुपये टाकतोय.