चिंच, मीठ आणि तुमची वही

गुरुजी, दिवाळीच्या साफसफाईत काकूंनी माझा लॅपटॉप चिंच-मिठानं घासला. हे तुम्हालाच सांगायला हवं, कारण काकू तुमच्या, आणि लॅपटॉपच्या पोटात वहीही तुमचीच. लॅपटॉप म्हणजे दोन पुठ्ठ्यांची पोथी समजा. वरच्या पुठ्ठ्यावर अक्षरं उमटतात, खालच्यावर बोटं चालवायची. सोवळं त्यालाही आहे, फक्त ते मला उशिरा कळलं. दमलोय, गुरुजी. शाळेत संस्कृत शिकवून जेवढा दमत नाही, तेवढा त्याचे तक्ते भरून दमतो, म्हणून हे पत्र थोडं विस्कळीत होईल. लाल शाई काढू नका.

तुमच्यामागं काकू बरीच वर्षं युसूफ वडगावलाच राहिल्या. गुडघे गेले तसं मी त्यांना बीडला घेऊन आलो. सोबत एक ट्रंक आणि सुभाषितांवर तुम्ही केलेल्या टिपणांची वही. शेवटी शेवटी तुमच्या हाताला कंप होता; अक्षर असं, की मुंग्या शाईत पाय बुडवून वारुळाकडे पळाल्यात. ते वाचू शकणारं माणूस आता एकच उरलंय. मी शाळेतून आलो की चहा होतो, काकू भिंगातून वाचतात, मी टंकतो. अर्धी वही झाली होती. उरलेली अर्धी त्यांच्या डोळ्यांच्या भरवशावर, आणि ते किती दिवस पुरतील हे डॉक्टरही सांगत नाही.

खंडेनवमीला त्यांनी लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, फुलानं पाणी शिंपडलं. “तुझं हत्यार हाय ते,” म्हणाल्या. संस्कृतच्या मास्तराचं हत्यार! हळद झाकणावर तशीच बसली. दिवाळीआधी ती नुसत्या फडक्यानं निघेना, म्हणून त्यांनी देवाच्या भांड्यांबरोबर लॅपटॉपही घासायला घेतला: चिंच, मीठ, काथ्या, वरून तांब्याभर पाणी. मी घरी आलो तेव्हा यंत्र खिडकीतल्या उन्हात, ताम्हनाच्या शेजारी उपडं वाळत होतं.

“कसं लख्ख झालंय बघ.”

“हात कावून लावला? तुमचं काय काम त्यात?”

“पुसलं तर हाय. ओरडायलास कशाला?”

“पुन्हा हात लावायचा नाही.”

त्या पदराला हात पुसत आत गेल्या. दुसऱ्या दिवशी, यंत्र बंद म्हणून कागदावरच उतरवून घेऊ असं ठरवून, वही घेऊन हाक मारली तर म्हणाल्या, “आज डोळे दुखायलेत.” तिसऱ्या दिवशीही दुखत होते. चौथ्या दिवशी मी विचारलं नाही.

स्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्यानं यंत्र उघडलं, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. “सर, चिंच हाय का ही? न्हाई, आमच्या आईनं माझा मोबाईल राखेनं घासला होता, म्हणून इचारलं.” पाणी आत फार गेलं नव्हतं. दोन दिवस सुकवून त्यानं ते चालू करून दिलं आणि वर उपदेशही केला. “याला आंघोळ न्हाई सर, अंग पुसायचं. ताप आलेल्या माणसासारखं. आधी बंद करा, पिन काढा. मऊ सुती कापड, भांड्याच्या साबणाचा एक थेंब पाण्यात, आन कापड कडक पिळा. पाणी कापडाला, मशीनला न्हाई. फिनेल न्हाई, घासणी न्हाई. पडदा कोरड्यानं.” तुमच्या सूत्रांपेक्षा हे लवकर पाठ झालं.

परत येताना रिक्षात डोळ्यांपुढे वडगावची ओसरी येते. तुम्ही पोथीचं लाल फडकं सोडताय, आम्ही चौघं समोर मांडी घालून बसलोय. काकू बाहेर येतात, पोथीवरची धूळ टिपायला पदर पुढे करतात. तुम्ही मान वर न करता म्हणता, “हात लावायचा नाही.” पदर मागे जातो. त्या दाराशी उभ्या राहतात, पाठ संपेपर्यंत. मला वाटायचं, चुलीवरच्या दुधासाठी थांबल्यात. दूध तर आत होतं, गुरुजी, आणि त्यांचं तोंड ओसरीकडे. तुमची शब्दरूपं मी घोकून शिकलो. ते वाक्य न घोकता आलं, तुमच्या आवाजासकट.

माफी मागायला तुम्ही शिकवलं नाहीत. मी जुन्या धोतराचा तुकडा, वाटीभर पाणी आणि बंद लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात काकूंजवळ बसलो. “हे तुम्हीच पुसा. मला जमत नाही.”

“मी कशाला? माझं काय काम त्यात?”

मी पाण्याची वाटी त्यांच्याकडे सरकवली. थोड्या वेळानं त्यांनी फडकं ओढून घेतलं आणि असं पिळलं, जणू माझीच मान असावी. “एवढ्याशा ओल्यानं काय निघतंय?” पण निघालं. कडा, झाकण, मग कोरड्या कापडानं पडदा, हळूहळू, देवाचं तोंड पुसावं तसा. यंत्र मी तिरपं धरलं, त्यांनी मऊ ब्रशनं कळांमधली हळद झटकली. मिठाचे ओरखडे मात्र गेले नाहीत.

“हे राहिलंच की रे.”

“राहू द्या.”

“त्यांनी कधी पोथी पुसू दिली न्हाई,” त्या म्हणाल्या, सहज, भाजी महागली म्हणतात तसं. मग भिंग मागितलं. “कुठवर आलतो आपण?”

वाचन पुन्हा सुरू आहे. एक मात्र कबूल करतो. परवा रागावरच्या सुभाषिताचं टिपण त्या वाचत होत्या. “पहिली भाकरी तव्याचा राग खाते, घरच्यांनी दुसरीपासून मोजावं.” गुरुजी, जेवणाची हाक आल्याशिवाय तुम्ही चुलीकडे कधी वळला नाहीत. मी वर पाहिलं. भिंग पानावर होतं, काकूंचे डोळे मिटलेले होते.

“टंकलंस?”

“टंकलं,” म्हणालो.

तुमच्याच नावाखाली टंकलंय. तुमचं अक्षर मला जेवढं लागतं, तेवढ्यावर हे वाक्य वहीत आहे का, ते तरी पाहता आलं असतं. मी पाहिलं नाही. तुम्ही आधी तेच तपासलं असतंत. पत्र पाठवत नाहीये, ते त्यामुळेच बरं आहे.