एक सुई जास्तीची

९ जानेवारी १९६१, पांढरकवडा
फोटोत डाव्या फुप्फुसावर डाग. टी.बी. मी घाबरलो नाही. मैनाबाई घाबरली, तिला सायंटिफिक रीतीने समजावलं. बायकोला धीर देणं माझंच काम. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, एक दिवसाआड स्ट्रेप्टोमायसिनची सुई, सोबत गोळ्या, बरं वाटलं तरी सोडायचं नाही. आणखी बजावलं: कानात आवाज येऊ लागला, कमी ऐकू आलं, चालताना तोल गेला, तर पुढची सुई घेण्याआधी सांगा. मान डोलावली. तहसिलीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिण्यात अर्धं आयुष्य गेलं. मला एकदा सांगितलं की पुरे. निश्चय: कडक शिस्त.

२३ जानेवारी
खोकला कमी. भूक लागते. विचार केला. एक दिवसाआड सुईने एवढा गुण, तर रोज घेतली की अर्ध्या वेळात बरा. डॉक्टर सरकारी, त्यांना घाई नाही. रामधन फौजेत ड्रेसर होता, आता घरीच सुया टोचतो. मधल्या दिवसांसाठी त्याला गाठलं. तो म्हणाला, "डॉक्टरले इचारलं का?" म्हणालो, त्यांनीच पाठवलं. तब्येतीच्या कामात याला खोटं म्हणत नाहीत.

६ फेब्रुवारी
कानात रातकिडे. भर दिवसा. औषध डोक्यापर्यंत पोचलं, याची खूण. दवाखान्यातला कंपाउंडर देवीलाल सुई भरता भरता नेहमीसारखा म्हणाला, "कानात काही वाजते का जी?" नाही म्हणालो. हो म्हटलं तर सुई बंद करतील, कोर्स अर्धवट राहील. कोर्स अर्धवट ठेवू नये, हे डॉक्टरांचंच म्हणणं.

१४ फेब्रुवारी, सकाळ
मैनाबाईत सुधारणा. लग्नापासून तिचा आवाज बाजारापर्यंत जायचा. आता हळू बोलते. आजारी माणसाचा मान राखते. एकूण गावच मवाळ झालं आहे.
उठताना खोली फिरली. भिंत धरली. अशक्तपणा. निश्चय: रोज एक अंडं.

२० फेब्रुवारी
शेजारचे बबनराव शिंपी मैनाबाईला म्हणाले, "भगवानरावले प्याचा नाद लागला काय? झोकांड्या देऊन राह्यले." हे तिने मला तीनदा सांगितलं तेव्हा कळलं. हळू बोलण्याचा अतिरेक करू नये. बबनरावांशी बोलणं बंद. तसेही ते हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात.

२ मार्च
तांड्यावरचा प्रेमसिंग आला. शेजारी भावसिंगने सुरा काढला. प्रकरण गंभीर. अर्ज फर्मास उतरला, दोन ठिकाणी 'प्राणघातक' घातलं. एरवी अर्ज वाचून दाखवतो, आज डोकं गरगरत होतं. प्रेमसिंगने विश्वासाने अंगठा उठवला.
संध्याकाळी रामधनची सुई.

६ मार्च
पोलिसांनी भावसिंगला धरून नेलं. प्रेमसिंग आज भावसिंगच्या बायकोला, सुखीबाईला, घेऊन आला. बराच वेळ बोलला. काही कळेना. मग खाली वाकला, मातीची लहानशी ओळ रचली, पायाने फोडून दाखवली.
धुरा. शेताचा धुरा, म्हणजे बांध, फोडला होता. सुरा नव्हताच.
लगेच दुसरा अर्ज लिहून दिला. सुखीबाईने स्वतःच्या पाठीवर हात फिरवून दाखवला. भावसिंगला चौकीत मारलं असावं. प्रेमसिंगला सांगणार होतो की माणसाने उच्चार स्वच्छ ठेवावेत. सुखीबाई माझ्याकडे बघत होती. सांगितलं नाही.

११ मार्च
नागपूर-हैद्राबाद रस्ता ओलांडत होतो. मागून ट्रक अगदी अंगाला चाटून गेला. मी खाली. पुढे जाऊन ट्रक थांबला, ड्रायव्हर उतरला, माझ्यासमोर उभा राहून तोंड उघडलं, मिटलं, हात नाचवले. बोलला मात्र काहीच नाही. मी विचारलं, हॉर्न का वाजवला नाही? जमलेले लोक एकमेकांकडे बघू लागले. बबनरावांनी दंड धरला तो थेट दवाखान्यात. मैनाबाई मागून धावत आली.
डॉक्टर माझ्या पाठीमागे गेले आणि तिथेच उभे राहिले. मी वाट पाहिली. पुढे आले तेव्हा विचारलं, तपासणी कधी सुरू करता? डॉक्टर मैनाबाईकडे बघत राहिले.

१२ मार्च
डॉक्टरांनी कागदावर लिहून विचारलं, सुई आणखी कुठे घेतली? रामधनचं नाव सांगावं लागलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. पुन्हा उचलून लिहिलं: डाग निवळतो आहे. सुई कायमची बंद, दुसऱ्या गोळ्या. कानाच्या आतली नस मेली, ती परत येत नाही. आवाज सुरू झाला त्या दिवशी सांगितलं असतं, तर पुष्कळ वाचलं असतं.
मी म्हणालो, पण मैनाबाई हळू बोलते ना. डॉक्टरांनी लिहिलं: महिनाभर ओरडते आहे. घसा फुटलाय तिचा.

१९ मार्च, सकाळ
मैनाबाई चुलीपुढे पाठमोरी बसली होती. खांदे हलत होते. वाटलं, हसते आहे. इतक्या दिवसांनी घरात हसू. बरं वाटलं. मीही हसलो. मोठ्याने हसलो असणार, कारण तिने दचकून मागे पाहिलं.
तोंडात पदर कोंबलेला होता.