तीन कड्यांचं दार

ट्युनिस, ११ मार्च १९९९

चि. रादियास, ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

नारिंगीच्या फुलांच्या पाण्याची बाटली पोहोचली. माझे कान मात्र आता पार गेले. दार कुणी फोडलं तरी कळायचं नाही. माझ्या लेकाने, लोत्फीने, ल्योंहून फर्मान काढलंय. अठरा एप्रिलला येणार, बाहेरून दार वाजवणार. पाच मिनिटांत उघडलं नाही तर घराला कुलूप आणि मी त्याच्याबरोबर फ्रान्सला. परतीची दोन तिकिटं काढूनच येतोय म्हणे.

मी गप्प बसते होय! शाळेने टाकून दिलेला कॉम्प्युटर घरी आणला. प्रिंटर जोडतात त्या जागी वायर जोडून दाराबाहेर बटण बसवलं. बटण दाबलं की स्वयंपाकघरात दिवा लागतो. आठवडाभर खपले. आणि शेजारची बेया कुसकुसचं ताट घेऊन आली, अर्धा तास कडी आपटून परत गेली! गल्लीभर सांगत सुटलीय, की बटण दिसलं होतं, पण दाराला कडी असताना बटणाला हात कोण लावतं? एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आणि आपल्याच गल्लीची सवय विसरले.

तुझी हरलेली,
नाइलाताई

नाबुल, १७ मार्च १९९९

ती. नाइलाताईस, रादियाचा सलाम आणि घट्ट मिठी, वि. वि.

आधी हसले, मग डोळे पुसले. हरलेली म्हणे! नन्सच्या शाळेतली विजेची घंटा बंद पडली होती, तेव्हा स्टुलावर चढून डोक्याची पिन खुपसणारी तूच ना? मदर अ‍ॅग्नेसनी तुला कोपऱ्यात उभं केलं. मला मात्र बाजूला घेऊन सांगितलं, की तुझ्या बहिणीचे हात देवाने सवडीने केलेत. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं; तू आधीच फार मिजाशीत असायचीस.

मला तुझ्या विजेतलं ओ की ठो कळत नाही. पण आपल्या दाराला तीन कड्या आहेतच की. पुरुषांची जाड, बायकांची नाजूक, पोरांची खाली. आवाज ऐकूनच आई ठरवायची, अंगावर सफसारीची पांढरी चादर घ्यायची की तशीच जायचं. कडी लोखंडी, ती आपटते तो खालचा खिळाही लोखंडी. त्यातून तुझी वीज जाणार नाही का? मूर्खपणा असेल तर मनातल्या मनात हस.

तुझ्या हातांची वेडी,
रादिया

ट्युनिस, २७ एप्रिल १९९९

चि. रादियास, आशीर्वाद, आणि या खेपेला शाबासकीही, वि. वि.

हसले नाही. खिळ्यांवरचा पन्नास वर्षांचा निळा रंग खरवडला. प्रत्येक कडीमागून आणि खिळ्यामागून बारीक वायर आत घेतली. कडी खिळ्याला टेकली की कॉम्प्युटरला कळतं. टेकते क्षणभरच, म्हणून त्या त्या कडीचा दिवा अर्धं मिनिट लावून ठेवायला त्याला शिकवलं. पुरुषांचा पिवळा, बायकांचा हिरवा, पोरांचा लाल. बेयाने तिन्ही कड्या वाजवून बघितल्या आणि मग दुसऱ्यांदा, उगीचच.

अठराला मी पिवळ्या दिव्यावर डोळे लावून बसले. पिवळा लागेना. लाल लागला. गल्लीतली पोरं वाजवून पळतात, तीच असणार, उठले नाही. पुन्हा लाल. पुन्हा. चौथ्यांदा मात्र डाव घेऊन तरातरा गेले आणि दार उघडलं. बेचाळीस वर्षांचा लोत्फी वाकून पोरांची कडी धरून उभा! हात आपोआप तिकडेच गेला म्हणाला. घड्याळात चार मिनिटं झाली होती.

वेळेत उघडलं तरी तो चिडलाच. तीनदा वाजवलं, तू जागची हलली नाहीस, असं सावकाश ओठ हलवून म्हणाला. म्हणजे उपयोग काय या तारांचा? मी त्याला सांगितलं, की तिन्ही वेळा मला कळलं होतं. उठले नाही ती माझी मर्जी. ज्यांचे कान शाबूत आहेत त्या बायका काय पोरांनी कडी वाजवली की धावत सुटतात?

मग उंबरठ्यावर बसून एवढा हसला, की बेया बाहेर आली.

लोत्फी काल परत गेला. विमानात शेजारची खुर्ची रिकामी असेल, तिच्यावर कोट ठेवायला सांगितलंय.

माया आहेच, आणखी केलीस तर नको म्हणणार नाही.

तुझी,
नाइलाताई