तीन सुताचं भोक

आप्पा, तुमचा ट्रॅक्टर मी शेवटच्या बोल्टापर्यंत उघडला. माणूस काय लायकीचा कारागीर होता, हे त्याच्या माघारी त्याची गाडी खोलल्यावर कळतं. आणि जे कळलं ते काही चांगलं नाही. रेडिएटर एका बाजूला बैलगाडीच्या खिळीवर उभा होता. मडगार्डाच्या चार बोल्टांपैकी दोन वेगवेगळ्या जातीचे, तिसरा म्हणजे वाकवलेली सळई, आणि चौथ्याच्या जागी तंबाखूचे बोद बांधायची सुतळी. ही गाडी जुनी विलायती, तिचे सगळे आटे इंची. पण तुम्ही हाताला लागेल तो एमएमचा बोल्ट घालायचात. तीन सुताच्या, म्हणजे इंचाच्या तीन अष्टमांश भोकात दहा एमएमचा बोल्ट दोन फेरे जातो आणि अडतो. तिथं शहाणा माणूस थांबतो. तुम्ही पान्याला पाइप लावायचात आणि वर म्हणायचात, "बसतोय की रं, न बसून सांगतोय कुणाला?" खंडेनवमीला सगळी हत्यारं मांडली की सर्वांत जास्त हळदकुंकू तुमच्या हातोड्याला. बरोबरच होतं, तो एकटाच तर राबायचा.

गेले आठ महिने प्रत्येक सुट्टीच्या दिवशी मी तुमचं निस्तरतो आहे. खिशात आटे मोजायची पट्टी आणि वही घेऊन इंची बोल्टांसाठी बेळगावचा खडेबाजार पालथा घातला, निपाणीतल्या भंगारवाल्यांच्या राशी उपसल्या. दुकानदार दुरूनच "इंची इल्ला" म्हणून हात हलवतात. एकजण तर हसायलाच लागला. "अहो, पोरीला स्थळ बघतानाबी कोण इतकं मापत न्हाय. दहा एमएमचा न्या, मारून बसवा." मी म्हटलं, "मारून बसवणारे गेले आमचे." तरीही एकेक करून सगळे मिळाले. प्रत्येक रॉकेलात धुऊन, कागदात गुंडाळून, वर जागा लिहून ठेवला.

तुम्हाला हे आवडलं नसतं. नववीत शाळा सोडायला लावून तुम्ही मला हाताखाली घेतलंत, त्याच हंगामातली गोष्ट. गिअरबॉक्सचं बाजूचं झाकण काढलेलं आहे. मी त्याचे सहा बोल्ट बिस्किटाच्या डब्यात ओळीनं मांडलेत, प्रत्येकाखाली चिठ्ठी. तुम्ही येता, डबा उचलता आणि सुट्या बोल्टांच्या बादलीत उपडा करता. "बोल्ट लावायचाय का त्याचं लगीन लावायचंय, मास्तर?" बांधावर बसलेले चारजण हसतात. तुम्ही त्यांच्याबरोबर विडी पेटवता आणि झाकण बसवायचं काम माझ्यावर टाकून निघून जाता.

गेल्या आठवड्यात मी शेवटी तेच झाकण उघडलं. खालच्या कोपऱ्यातला बोल्ट आत मोडला आणि भोकाच्या कानाला चीर दिसली. कान ठिसूळ बिडाचा, तो तुटला असता तर आठ महिन्यांचं काम मातीत, कारण या गाडीच्या गिअरबॉक्सची दुसरी पेटी आता कुठं मिळत नाही. बेळगावच्या लेथवाल्यानं भिंग लावून पाहिलं. "तीन सुतात दहा एमएम. कुठल्या गाढवानं घातलाय ह्यो?"

"आमच्या आप्पांनी," मी लगेच सांगितलं.

"तरीच," तो म्हणाला.

त्यानं मोडलेला तुकडा हळूहळू पोखरून काढला, भोक मोठं करून आत नळीसारखा लोखंडी बुश बसवला आणि बुशात नवे तीन सुती आटे पाडले. कान टिकला. आज मी तिथं बरोबर मापाचा बोल्ट लावला. पान्याची गरजच लागली नाही, बोटांनी टोकापर्यंत गेला.

डबा उपडा करून तुम्ही पाठ फिरवलीत, त्या दिवशी मी बादलीत हात घातला आणि खालच्या कोपऱ्यासाठी मुद्दाम दहा एमएमचा उचलला. दोन फेऱ्यांवर अडला. मला कळलं होतं. तुमचाच पाइप पान्याला लावून मी तो आत ढकलला, आटे चिरडताना हाताला जाणवले, आणि झालं म्हणून सांगितलं. तेव्हापासून तिथून ऑइल ठिबकायचं. तुम्ही खाली डालड्याचा डबा ठेवला आणि रोज सकाळी साठलेलं ऑइल परत वर ओतत राहिलात, जाईपर्यंत. झाकण एकदा उघडून बघा, असं शेजारचे काका किती वेळा म्हणाले. तुम्ही त्यांना म्हणायचात, "त्याला हात लावायचा न्हाय. पोरानं मापानं बसवलंय ते. गाडीत तेवढंच एक काम सरळ हाय. पॅकिंग गेलं असंल."

मी जवळच उभा असायचो.

बाकीचे सगळे बोल्ट तुमचे, आणि त्यांच्याबद्दल एक शब्दही मी मागं घेत नाही. हा कागद पान्यांच्या पेटीत तळाशी ठेवतो. तुमच्यापर्यंत पोचवायला दुसरी जागा नाही. परवा लेथवाल्याकडे पुन्हा जायचं आहे. ते गाढव कोण, हे त्याला अजून सांगितलेलं नाही, आणि परवाही सांगेन असं वाटत नाही.