मंडळातला बोंबीलवाला

१४ जुलै, सोमवार
भजनी मंडळाच्या मीटिंगमध्ये माझा ठराव पास. सगळ्या माळकऱ्यांनी फोनवर 'सोज्वळ' अ‍ॅप टाकायचं. घाणेरडं, जुगार, दारू, सगळं बंद. सक्ती नाही, मनाने टाकायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पंढरी जरा जास्तच डोलावत होता. संशयास्पद. यंदा सप्ताहात वीणा त्याच्या गळ्यात की माझ्या, हे अजून ठरायचंय. मला वीणा हवीय. बास.

१५ जुलै, मंगळवार
वाचनालयातल्या मृणालीकडून अ‍ॅप टाकून घेतलं. पंढरीची पुतणी, पण आमच्या कामतघर गावात कॉम्प्युटर तिलाच कळतो. बंदीचे शब्द मी वाढवले, सगळी मासळी: बोंबील, निवटी, चिंबोरी, जवळा. ती म्हणाली, लडकूकाका, मग आपल्या आगऱ्यांच्या फोनमध्ये राहणार काय? म्हटलं, नामस्मरण. कोणी बंदीचं शोधलं की दुसऱ्या दिवशी प्रमुखाला, म्हणजे मला, मेसेज. नाव नाही, नुसतं 'एका सदस्याने'. माणसाची लाज राखायला म्हणे. मी नाव काढीनच.
दुपारी 'बोंबील फ्राय' टाकून टेस्ट केली. उघडलं नाही. उत्तम.

१६ जुलै, सकाळी
पहिला मेसेज! 'काल एका सदस्याने बोंबील फ्राय शोधले.' पहिल्याच दिवशी? माझी टेस्ट अ‍ॅप धरत नसणार, प्रमुख आहे मी. म्हणजे दुसराच कोणी. आजपासून पाळत.

१९ जुलै, शनिवार
धामणकर नाक्यावर पंढरी शेअर रिक्षातून उतरला. हातात पिशवी, खालून पाणी गळतंय. मागे मागे गेलो. देवळात शिरला. पिशवीतून तुळस काढली. तुळशीच्या खाली काय होतं ते बघायच्या आत त्याने पिशवी धुऊन टाकली. पुरावा नष्ट.

२२ जुलै, मंगळवार
कमळाने मुलांसाठी निवटीचं कालवण केलं, मला वेगळ्या पातेल्यात वरण. माळ घातल्यापासून मला त्याचं काही वाटत नाही. मुळीच नाही. जेवण झाल्यावर फक्त बघितलं, निवटी अजून बंद आहे ना. आहे. मग इंग्रजी अक्षरांत टाकून बघितलं. तेही बंद. कमळा म्हणाली, एवढा काय फोन चोळताय? म्हटलं, ड्युटी.

२३ जुलै, बुधवार
मेसेज. 'एका सदस्याने निवटीचे कालवण शोधले.' वर इंग्रजी अक्षरांतही! माणूस चलाख आहे. पंढरीला इंग्रजी येतं. धागा जुळला.

२७ जुलै, रविवार, सकाळी
आज मीटिंगमध्ये वीणेचा निर्णय. आजच त्याला उघडा पाडतो.

२७ जुलै, संध्याकाळी
बोललो. नाव घेऊन बोललो. गळ्यात माळ आणि फोनमध्ये निवटी, अशा माणसाने वीणा घ्यावी का, असं विचारलं. पंढरी चिडला नाही, नुसता मृणालीकडे बघत राहिला. ती हळूच म्हणाली, काका, अ‍ॅप टाकायला तुमच्याशिवाय कोणी आलंच नाही. त्यात एकच फोन आहे.
मग मागून मंडळातल्या म्हाताऱ्या धोंडूबाईचा आवाज, एवढा जीव जातंय त खा ना रं बाला, देव काय बोलत न्हाय. सगळं मंडळ हसलं. पंढरी हसला नाही. तेच जास्त लागलं.

९ ऑगस्ट, शनिवार
सप्ताह बसला. वीणा पंढरीच्या गळ्यात. बघून रडू आलं, खोटं कशाला लिहू. मला चपला सांभाळायची ड्युटी. चपला ठेवताना लोक निवटीची खुशाली विचारतात.
दुपारी वाचनालयात गेलो, अ‍ॅप काढून टाक म्हटलं. मृणाली म्हणाली, प्रमुखाची परवानगी लागते, मेसेज जाईल. लगेच आला. 'एका सदस्याला अ‍ॅप काढायचे आहे. परवानगी द्यावी का?'
बराच विचार केला. या माणसाचा काही भरवसा नाही. 'नाही' दाबलं.